सातासमुद्रापलीकडचे वाद्य घरी आणताना

वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवणारे कलावंत, घरातल्या एका खोलीत स्टुडिओ उभारू पाहणारी तरुण मंडळी, मुलांना पियानो शिकवायला घातलेले पालक, अगदी भजनी मंडळातले हौशी वादकसुद्धा आता एकच प्रश्न विचारतात: हे वाद्य जर्मनीत किंवा जपानमध्ये एवढे स्वस्त दिसते, तर तिथूनच का मागवू नये? प्रश्न रास्त आहे. किंमत घरबसल्या दिसते, कार्डाने पैसे भरता येतात, कुरिअर दारापर्यंत येते. पण पडद्यावर दिसणारा आकडा आणि वाद्य घरात येऊन वाजू लागेपर्यंत खिशातून गेलेला आकडा यांत बरेच अंतर असते. ते कुठे कुठे पडते हे माहीत असले, तर निर्णय घेणे सोपे जाते.

माझे मत आधीच सांगतो. जे वाद्य भारतात अधिकृत विक्रेत्याकडे मिळते ते इथेच घ्यावे, थोडे महाग पडले तरी. जे इथे मिळतच नाही त्यासाठी मात्र जरूर बाहेर बघावे. फक्त कराचा, विजेचा आणि दुरुस्तीचा विचार पैसे भरण्याआधी झालेला असावा.

इथे काय मिळते ते आधी बघा

बाहेरून कीबोर्ड मागवणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट हमखास सुटते. मोठ्या कंपन्या एकाच वाद्याच्या वेगवेगळ्या प्रदेशांसाठी वेगवेगळ्या आवृत्त्या काढतात. यामाहाचा पीएसआर-आय५००, रोलँडचे एक्सपीएस-१० आणि एक्सपीएस-३०, कॅसिओच्या सीटी-एक्स मालिकेतले नावाच्या शेवटी ‘आयएन’ असलेले कीबोर्ड हे भारतीय बाजार डोळ्यांपुढे ठेवून आलेले आहेत. तबला, ढोलक, तानपुरा, सतार, बासरी हे टोन आणि आपल्याकडचे ठेके त्यांत मिळतात. त्याच कंपनीच्या युरोपात विकल्या जाणाऱ्या मॉडेलमध्ये यांतले फारच थोडे असू शकते. कॉर्गच्या पीए मालिकेत अरबी संगीतासाठी ‘ओरिएंटल’ नावाची वेगळी आवृत्ती निघते. नाव जवळपास सारखे, किंमत आकर्षक म्हणून ती मागवली, तर लावणीला साथ करायला बसलेल्या माणसाला आत दरबुकाचे ठेके सापडतील. वरच्या दर्जाच्या अरेंजर कीबोर्डमध्ये बाहेरचे टोन आणि स्टाइल भरता येतात. स्वस्त मॉडेलमध्ये ती सोय बहुधा नसते. म्हणून मॉडेलचे पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट, तपासावे आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून टोनची यादी उतरवून घेऊन वाचावी. ही यादी माहितीपुस्तिकेसोबत फुकट मिळते.

शिकाऊ मुलांसाठीचा साधा कीबोर्ड तर परदेशातून आणण्यात काहीच अर्थ नाही. यामाहाचा कारखाना चेन्नईजवळच आहे आणि तिथे असेच पोर्टेबल कीबोर्ड तयार होतात.

दुकानात जाऊन वाद्याला हात लावण्याला पर्याय नाही. मुंबईत धोबीतलावला १८६५ पासूनचे फुर्टाडोज आहे, गोव्यातही त्यांची दुकाने आहेत. पुण्या-नाशकातही चांगले विक्रेते आहेत. पट्टीचे वजन, बोट दाबल्यावर ती किती खोल जाते, जोरात आणि हलके वाजवल्यावर आवाजात किती फरक पडतो, हे चित्रफितीत कळत नाही. बाहेरून मागवायचेच ठरले असेल, तरी त्याच कंपनीचे त्याच जातीची पट्टी असलेले एखादे वाद्य इथे वाजवून बघावे.

मग बाहेरून मागवण्यासारखे काय उरते? पुष्कळ उरते. स्वीडनच्या एलेक्ट्रॉन आणि टीनेज इंजिनिअरिंगची छोटी यंत्रे, तिथलाच लाल रंगाचा नॉर्ड, फ्रान्सच्या आर्टुरियाचे सिंथ (सिंथेसायझर), अमेरिकेतल्या मूग आणि सिक्वेन्शियलची वाद्ये. यांतल्या काहींचे विक्रेते भारतात आहेत, पण हवे ते मॉडेल हवे तेव्हा मिळेलच असे नाही. जर्मनीच्या डिटर डोएप्फर यांनी नव्वदच्या दशकात रूढ केलेल्या युरोरॅक पद्धतीचे मॉड्यूल जमवणाऱ्यांना तर बाहेर गेल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि नेमकी हीच वाद्ये आकाराने लहान, वजनाने हलकी आणि पाठवायला सोपी असतात.

हिशेब घराच्या उंबऱ्यापर्यंतचा

आता आकडे. विजेवर आवाज निर्माण करणारी किंवा आवाज मोठा करणारी वाद्ये भारतीय सीमाशुल्काच्या ९२०७ या शीर्षकाखाली येतात: पट्ट्यांची वाद्ये ९२०७ १० मध्ये, ऑक्टापॅडसारखी बाकीची ९२०७ ९० मध्ये. हा क्रमांक विक्रेत्याला बीजकावर लिहायला सांगा. नुसते ‘इलेक्ट्रॉनिक उपकरण’ असे मोघम लिहिलेले पार्सल कुठल्या वर्गात जाईल, याचा नेम नसतो.

या शीर्षकाखाली मूळ सीमाशुल्क १० टक्के, त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि मग या सगळ्यासकट किमतीवर १८ टक्के आयजीएसटी, अशी आकारणी चालत आली आहे. तिन्ही मिळून ३०.९८ टक्के होतात. आणि हे टक्के वाद्याच्या किमतीवर नाही, तर किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागतात. विमानाने आलेल्या मालाचा वाहतूक खर्च किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरतात आणि विम्याचा आकडा दाखवलेला नसेल तर १.१२५ टक्के गृहीत धरतात. परकीय चलनाचा दरही कस्टमने जाहीर केलेला लागतो, तुमच्या बँकेचा नाही.

उदाहरण घेऊ. जर्मनीतल्या दुकानात एका सिंथची किंमत १,००० युरो आहे. त्यात तिथला १९ टक्के मूल्यवर्धित कर धरलेला असतो. माल थेट भारतात पाठवायचा असेल तर तो कर लागत नाही, म्हणजे मूळ किंमत सुमारे ८४० युरो होते. भारतातला पत्ता टाकल्यावर किंमत खाली येते का, हे पैसे भरण्याच्या पानावर अवश्य बघा. ती खाली आली नाही, तर आधी दुकानाला विचारा. हिशेब सोपा जावा म्हणून एक युरो म्हणजे १०० रुपये धरू. वाद्याचे ८४ हजार, वाहतुकीचे १० हजार, विम्याचे १ हजार, एकूण ९५ हजार रुपये. त्यावर मूळ शुल्क ९,५००, अधिभार ९५०. या १,०५,४५० रुपयांवर आयजीएसटी १८,९८१. म्हणजे सरकारी शुल्क २९,४३१ रुपये. पुढे कार्डाचा खर्च येतो. परकीय चलनातल्या खरेदीवर बऱ्याच बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार आणि त्यावर जीएसटी घेतात. ते झाले सुमारे ३,९००. कुरिअर कंपनी तुमच्या वतीने शुल्क आगाऊ भरते, त्याची तिची हाताळणी फी वेगळी. जो सिंथ लाखाचा वाटत होता, तो घरात येईपर्यंत १ लाख ३० हजारांच्या आसपास जातो.

हा आकडा हातात असला की इथल्या विक्रेत्याचा १ लाख ३५ हजारांचा भाव महाग वाटत नाही. त्यात हमी येते, आणि वाद्य बिघडले तर ते घेऊन कुठे जायचे याचे उत्तरही येते. परदेशात घेतलेल्या वाद्याची हमी सहसा त्या देशापुरतीच असते. तिथल्या दुकानाची तीन वर्षांची हमी कागदावर खरी असली, तरी २० किलोचे खोके परत पाठवण्याचा खर्च कोण देणार, हे त्यांना ईमेलने आधीच विचारून ठेवावे.

एक सावधगिरी. खासगी व्यक्तीच्या नावाने आलेले पार्सल कुरिअर कंपनी कधी कधी ९२०७ ऐवजी ९८०४ या शीर्षकाखाली दाखवते. ते वैयक्तिक वापरासाठी आणलेल्या वस्तूंचे शीर्षक आहे. त्याचा दर वेगळा असतो, बराच काळ तो चढा होता आणि अलीकडच्या अर्थसंकल्पांत बदलत गेला आहे. म्हणून ऑर्डर देण्याआधी कुरिअर कंपनीच्या आयात विभागाला फोन करा, वाद्याचे नाव आणि किंमत सांगा आणि कुठल्या शीर्षकाखाली, किती टक्के शुल्क लागेल ते लेखी मागा. एका फोनने हजारो रुपयांची अनिश्चितता मिटते.

वैयक्तिक वापरासाठी एखादे वाद्य आणायला आयात-निर्यात कोड लागत नाही, ओळखीची कागदपत्रे मात्र द्यावी लागतात. आधार, पॅन वगैरे कुरिअरच्या संकेतस्थळावर वेळेत टाकले नाहीत, तर पार्सल गोदामात पडून राहते आणि गोदामभाडे चढते. जीएसटी नोंदणी असलेल्या स्टुडिओची गोष्ट वेगळी. त्यांनी व्यवसायाच्या नावाने, आयात-निर्यात कोड आणि जीएसटी क्रमांक देऊन माल सोडवावा, म्हणजे पात्र असल्यास आयजीएसटीचा परतावा वजावटीच्या रूपाने मिळतो. ही १८ टक्क्यांची रक्कम आहे. सनदी लेखापालाला आधी विचारले तरच ती हाती लागते.

आणि विक्रेत्याला ‘भेटवस्तू’ लिहायला किंवा किंमत कमी दाखवायला कधीही सांगू नका. भेटवस्तूंची जुनी करमुक्त सवलत डिसेंबर २०१९ मध्ये काढून घेतली गेली, ती राखी आणि जीवरक्षक औषधांपुरतीच राहिली. खोटी किंमत दाखवणे हा सीमाशुल्क कायद्याखाली गुन्हा आहे. माल जप्त होऊ शकतो, दंड बसतो. शिवाय वाटेत वाद्य फुटले तर विमा कंपनी कागदावरच्या किमतीएवढेच पैसे देते. ८४ हजारांचा सिंथ १० हजारांचा म्हणून पाठवला असेल, तर भरपाई तेवढीच.

वीज आणि पिन

पैसे गेले तर परत मिळवता येतात, चुकीच्या विजेवर लावलेले वाद्य मात्र क्षणात जाते. म्हणून हा भाग नीट वाचा.

आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट, अमेरिकेत १२० व्होल्ट. जर्मनी, सिंगापूर, दुबई इथली वीज आपल्याला चालणारी. आजची बहुतेक छोटी वाद्ये बाहेरच्या अडॅप्टरवर चालतात. त्या अडॅप्टरवर ‘इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे छापलेले असेल तर फक्त पिन बदलायची. ‘इनपुट १२० व्होल्ट’ एवढेच असेल तर तो अडॅप्टर खोक्यातच ठेवा आणि इथे नवा घ्या.

नवा घेताना व्होल्ट, अँपिअर आणि ध्रुव या तिन्ही गोष्टी जुळायला हव्यात. रोलँड आणि बॉसच्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरमध्ये पिनेचा मधला भाग बहुधा ऋण असतो, यामाहाच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरमध्ये तो धन असतो. पिन एकाची दुसऱ्यात बसली म्हणून वाद्य चालेल असे नाही, उलट त्याचा बोर्ड जळू शकतो. अडॅप्टरवर आणि वाद्याच्या मागे छोटी आकृती असते: मधला ठिपका आणि त्याभोवतीचा कंस, एकाला अधिक आणि दुसऱ्याला उणे. दोन्ही आकृत्या सारख्या दिसल्याशिवाय बटण दाबू नका. ऑर्केस्ट्राच्या घाईगर्दीत कुणाचाही अडॅप्टर कुणालाही लावला जातो, म्हणून आपल्या अडॅप्टरवर ठसठशीत चिठ्ठी चिकटवून ठेवावी.

वीजपुरवठा वाद्याच्या आतच असेल, तर मागच्या पत्र्यावरची पट्टी वाचा. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या जुन्या वाद्यांत १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असतो. ते सरळ आपल्या सॉकेटला लावले की संपले. त्यासाठी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. बाजारात सहज मिळणारे ११० व्होल्टचे असतात, त्यांवर १०० व्होल्टचे वाद्य जास्त तापते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत १०० व्होल्टचाच मागावा आणि वाद्याच्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा.

जर्मनीहून आलेल्या वाद्याची अर्थिंगची पट्टी प्लगच्या कडेला असते. ती आपल्या तीन गोल भोकांच्या सॉकेटमध्ये जुळत नाही. स्वस्त ट्रॅव्हल अडॅप्टर लावून काम भागवले तर अर्थिंगच मिळत नाही, स्पीकरमध्ये घरघर येते आणि धातूच्या पॅनेलला झिणझिण्या जाणवतात. कॉम्प्युटरला लागते तशी आयएसआय शिक्क्याची तीन पिनांची केबल बहुतेक वाद्यांना बसते. ती शे-दोनशे रुपयांना मिळते.

वाद्यात ब्लूटूथ किंवा वायरलेस असेल तर आणखी एक गोष्ट आधी विचारा. रेडिओ लहरींवर चालणाऱ्या उपकरणांना भारतात दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेची मान्यता लागते आणि कस्टममध्ये त्याबद्दल विचारणा होऊ शकते. तेच वाद्य ब्लूटूथविना मिळत असेल तर ते घेणे श्रेयस्कर.

जुन्या वाद्यांचा मोह

टोकियोतला ओचानोमिझु भाग म्हणजे वाद्यांच्या दुकानांचीच रांग आहे. हाराजुकूला फाइव्ह-जी नावाचे सिंथचे प्रसिद्ध दुकान आहे. १९८३ चा यामाहा डीएक्स७, १९८४ चा रोलँड जुनो-१०६, १९८७ चा डी-५०, १९८८ चा कॉर्ग एम१ तिथे झकपक पुसून ठेवलेले दिसतात. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या गाण्यांवर वाढलेल्या माणसाचे मन तिथे अडकले तर नवल नाही.

पण भारताच्या विदेश व्यापार धोरणात जुन्या वस्तू, भांडवली यंत्रसामग्री सोडून, निर्बंधित वर्गात येतात. म्हणजे त्यांच्या आयातीला परवाना लागतो. कुरिअरने मागवलेला जुना सिंथ या कारणाने अडकू शकतो. दंड भरून सुटेल की परत जाईल, हे तुमच्या हातात राहत नाही. जुन्या वाद्यावर पैसे लावण्याआधी कस्टम ब्रोकरशी बोलणे म्हणूनच गरजेचे आहे.

दुसरे म्हणजे या वाद्यांची दुखणी ठरलेली आहेत. जुनो-१०६ मधल्या ८००१७ए नावाच्या, राळेत बुडवलेल्या चिप वयोमानाने जातात आणि एकेक आवाज गप्प होतो. १९९१ च्या रोलँड जेडी-८०० च्या पट्ट्यांमध्ये वजनाचे तुकडे चिकटवायला वापरलेला लाल गोंद विरघळून खाली ठिबकतो, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो कसा टिकेल याची कल्पनाच केलेली बरी. स्मृती टिकवणारी बॅटरी संपली की साठवलेले टोन पुसले जातात. विक्रेत्याकडून सगळ्या पट्ट्या एकामागून एक वाजवलेली, सगळी बटणे दाबलेली चित्रफीत मागावी. सगळे आवाज चालतात का, हे त्याने लेखी दिले पाहिजे. आणि आपल्या गावाजवळ अशा वाद्याला हात घालणारा कारागीर आहे का, हा प्रश्न सगळ्यांत आधी सोडवावा. कपॅसिटर, जॅक, स्विच लॅमिंग्टन रोडला मिळतात. पट्टीखालची रबराची पट्टी, डिस्प्ले किंवा मूळ चिप तिथे मिळत नाहीत.

कुरिअर की प्रवासी

कुरिअरच्या पैशांत वजनापेक्षा आकार महत्त्वाचा. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायचे, येणारा आकडा किलोमध्ये, आणि खरे वजन व हा आकडा यांतला जो मोठा त्यावर भाडे. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डचे खोके समजा ११० × ४५ × २० सेंटिमीटरचे आहे. त्याचे आकारवजन १९.८ किलो होते, आत वाद्य ७ किलोचे असले तरी. त्यामुळे टेबलावर मावणारा सिंथ मागवणे परवडते, ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो मागवणे फारच क्वचित परवडते.

अमेरिकेतले अनेक मोठे विक्रेते काही नामांकित ब्रँड परदेशी पाठवतच नाहीत, कारण कंपनीशी त्यांचा करार ठरावीक प्रदेशापुरता असतो. अशा वेळी तिकडचा भाऊ, मेहुणी किंवा मित्र आठवतो. एडिसनला राहणाऱ्या नातेवाइकाने न्यू जर्सीत घेतले तर ६.६२५ टक्के विक्रीकर लागतो. शेजारच्या डेलावेअरमध्ये तो शून्य आहे. अमेरिकेत पर्यटकाला हा कर परत मिळण्याची देशव्यापी सोय नाही. जर्मनीत पर्यटकाला ५० युरोंच्या वरच्या खरेदीवर मूल्यवर्धित कराचा परतावा मिळू शकतो, पण वाद्य सामानात टाकण्याआधी विमानतळावरच्या कस्टमचा शिक्का घ्यायला हवा. तिथे नोकरी करणाऱ्या, तिथल्या रहिवासी परवान्यावर असलेल्या नातेवाइकाला ही सोय नाही. जपानमध्ये पर्यटकांसाठी १० टक्के उपभोग कर माफ होतो. आजवर तो दुकानातच पासपोर्ट दाखवून वजा होत असे. १ नोव्हेंबर २०२६ पासून तिथे पूर्ण किंमत भरून निघताना विमानतळावर परतावा घेण्याची पद्धत ठरली आहे. ब्रिटनने मात्र २०२१ च्या सुरुवातीपासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये पर्यटकांना दुकानातून मिळणारा परतावा बंद केला. आखातात राहणाऱ्यांना सगळ्यांत सोपे: दुबईत कर ५ टक्केच आणि वीज आपल्यासारखी.

प्रवाशाबरोबर आणलेल्या वाद्याला बॅगेजचे नियम लागतात. २०१६ च्या नियमांत परदेशातून परतणाऱ्या भारतीयाला ५० हजार रुपयांपर्यंतची सवलत होती आणि त्यावरच्या रकमेवर अधिभारासह ३८.५ टक्के शुल्क लागत असे. या मर्यादा आणि दर सरकार बदलत असते, म्हणून तिकीट काढताना सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर चालू आकडा बघा. जुन्या आकड्यांवरूनही एक गोष्ट उघड होते. ७० हजारांच्या सिंथवर बॅगेजमध्ये फक्त वरच्या २० हजारांवर, म्हणजे ७,७०० रुपये शुल्क बसत असे. तोच कुरिअरने आला तर वाहतूक न धरताही २१ हजारांच्या वर. दोन-तीन लाखांच्या वाद्याला हा फायदा जवळजवळ उरत नसे. नवरा-बायकोने दोघांची सवलत एकाच वाद्यासाठी एकत्र केली, तर ते चालत नाही. मर्यादेपेक्षा जास्त किमतीचे वाद्य असेल तर सरळ लाल मार्गिकेत जावे आणि बीजक हातात ठेवावे. बरीच वर्षे परदेशात राहून कायमचे परतणाऱ्यांसाठी घरसामानाची वेगळी, मोठी सवलत असते. त्यांनी तिकडे वापरलेला कीबोर्ड किंवा डिजिटल पियानो त्या यादीत धरावा.

विमान कंपनीचा नियम वेगळा. सहसा एका नगाचे वजन २३ किलो आणि तिन्ही बाजूंची बेरीज १५८ सेंटिमीटर चालते. वर सांगितलेले कीबोर्डचे खोके १७५ सेंटिमीटरचे आहे, म्हणजे जादा आकाराचे पैसे. ३२ किलोपेक्षा जड एकच नग बहुतेक कंपन्या घेत नाहीत. टेबलावर मावणारा सिंथ हाताच्या बॅगेत न्यावा. लिथियम बॅटरी आत असलेली वाद्ये, उदाहरणार्थ टीनेज इंजिनिअरिंगचे ओपी-१, शक्यतो जवळच ठेवावीत. सुट्या बॅटऱ्या तर चेक-इन सामानात चालतच नाहीत.

खोके दाराशी आल्यावर

कुरिअरवाला उभा असतानाच खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो काढा. कोपरा दबला असेल तर सही करताना तसे लिहून द्या. कस्टमने खोके उघडून पुन्हा चिकटवलेले असू शकते, ती टेप वेगळी दिसते. तिचाही फोटो घ्या. उघडतानाची सलग चित्रफीत विमा दाव्याला उपयोगी पडते. विमानाच्या थंड पोटातून मुंबई-कोकणच्या दमट हवेत आलेल्या वाद्यावर आतून बाष्प धरते. खोलीत ते काही तास, शक्य तर रात्रभर तसेच राहू द्या, मग वीज जोडा. त्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत प्रत्येक पट्टी, प्रत्येक पॅड, प्रत्येक जॅक आणि मिडी-यूएसबी तपासून टाका. परत करण्याची मुदत डिलिव्हरीच्या दिवसापासून मोजली जाते आणि परदेशी दुकानाशी पत्रव्यवहारातच आठवडा जातो. मूळ खोके आणि फोम माळ्यावर ठेवा. दुरुस्तीला पाठवायची वेळ आली तर त्यांच्याशिवाय सुरक्षित बांधणी होत नाही. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात वाद्यावर कापडी खोळ घालून आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. दमटपणाने पट्टीखालचे रबरी कॉन्टॅक्ट लवकर खराब होतात.

शुल्क भरल्याचे कागद, म्हणजे बिल ऑफ एंट्री किंवा विमानतळावरची पावती, बीजकासोबत जपून ठेवा आणि त्यांवर वाद्याचा अनुक्रमांक नोंदलेला आहे का ते बघा. हमीखाली वाद्य बाहेर पाठवून परत आणायचे असेल, तर पुन्हा पूर्ण शुल्क भरावे लागू नये यासाठी हाच पुरावा लागतो. दौऱ्यावर परदेशी जाणाऱ्या वादकांनी तर निघतानाच विमानतळावरच्या कस्टमकडून आपल्या वाद्याचे निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे. त्यात कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून देतात. या कामाला वेळ लागतो, त्यामुळे उड्डाणाच्या दिवशी नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचावे.